चौथ्या गाण्याचा उगम

बुधवार पेठेत स्पीकर आणि ॲम्प्लिफायर विकणाऱ्या दुकानांच्या वर, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत रांगोळीची फिल्म तयार होत होती. रांगोळीवरची नव्हे, रांगोळीनं केलेली. लांबी नऊ-दहा मिनिटं आणि विषय मुलांची बडबडगीतं कुठून आली, हा. ती करणारी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी. तो आमच्या वर्तमानपत्रात छायाचित्रकार होता. मी वार्ताहर म्हणून लागलो आणि संपादकीय विभागातून निवृत्त झालो. इतरांच्या मजकुरातली माहिती तपासणं हे माझं बरंचसं काम होतं, आणि तिनं फोन केला तो त्यासाठीच.

"काका, फिल्ममधली माहिती एकदा बघाल का? चित्रांबद्दल काही सांगू नका, ती झाली आहेत."

सकाळी लवकर या, असंही तिनं सांगितलं. त्याचं कारण तिथं गेल्यावर कळलं. दुकानं उघडली की खाली स्पीकर वाजवून बघणारी गिऱ्हाइकं येतात, जमीन थरथरते आणि काचेवरची रांगोळी आपोआप सरकते. म्हणून ती उजाडायच्या सुमारास येते आणि खालचं पहिलं शटर वर गेलं की ब्रश ठेवते.

टेबलावर एक काळी काच आणि तिच्यावर खाली तोंड करून बसवलेला कॅमेरा, एवढंच सामान. काचेवर पांढरी रांगोळी मलमलीतून चाळून पसरायची, तिच्यात चित्र काढायचं, फोटो घ्यायचा. ब्रशनं चित्र किंचित हलवायचं, पुन्हा फोटो. असे हजारो फोटो एकामागून एक पळवले की चित्र चालू लागतं. नवं चित्र जुनं मोडूनच तयार होतं, त्यामुळे मागं जाण्याची सोय नाही. मध्येच हात चुकला तर तो प्रसंग पहिल्यापासून करायचा. कागदावर काढणाऱ्याकडे निदान कागद उरतात. हिच्याकडे रांगोळी उरते, आणि ती पुढच्या चित्राला लागते.

पंखा अर्थातच बंद. स्कूटरवर बांधतात तसा स्कार्फ तिनं तोंडाला बांधला होता. मलाही दारातच रुमाल बांधायला लावला.

"शिंक आली तर जिन्यात जाऊन शिंका. मागे एक जण इथंच शिंकला होता. अख्खं गाव गेलं."

एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून ती हे करत होती. तिथं ती मोबाइलवरच्या खेळांसाठी चित्रं हलवायची. मुलांच्या चित्रपटांच्या एका महोत्सवानं फिल्मची कच्ची प्रत पाहून ती स्पर्धेसाठी निवडली होती. पक्की प्रत द्यायची होती. अशी निवड पहिल्यांदाच झाली होती, आणि ती वाया गेली तर पुढच्या फिल्मसाठी कुणी दारात उभं करणार नाही, हे तिनं स्पष्ट सांगितलं. त्यात तक्रार नव्हती. माहिती होती.

फिल्ममध्ये चार गाणी होती. पहिलं कांडणाच्या तालावर बसलेलं, दुसरं कॅम्पातल्या इंग्रजी शाळांमधून पेठांत आलेलं आणि इथल्या मुलांनी ओळखू येणार नाही इतकं बदललेलं, तिसरं पावसाला बोलावणारं. या तिन्हींत मला दुरुस्तीला जागा सापडली नाही. जिथं तिला नक्की माहीत नव्हतं, तिथं ती गप्प होती. हे शहाणपण आमच्या व्यवसायात येईपर्यंत माणसाचे केस पिकतात.

चौथं गाणं राज्य कुणावर, हे ठरवण्याचं होतं. पुण्याच्या जुन्या पेठांत वाढलेल्या बहुतेकांनी ते म्हटलेलं आहे. मुलं गोल करून उभी राहतात, एक जण प्रत्येकाच्या छातीला बोट लावत जातो:

एक पोळी, दोन वाट्या,
तीन पायऱ्या, चार काठ्या,
पाचव्याला नाही ताट,
ऊठ गड्या, धर वाट.

फिल्मप्रमाणे हे गाणं प्लेगच्या दिवसांतलं होतं. गोरे सोजीर घरं तपासायला यायचे, आजारी माणसाला शहराबाहेरच्या छावणीत न्यायचे. काठ्या म्हणजे डोलीचे बांबू, पाचवा म्हणजे घरातून नेलेला माणूस, आणि 'धर वाट' म्हणजे छावणीची वाट.

तो प्रसंग मी तीनदा पाहिला. वरून दिसणारी पेठ, पांढऱ्या रेघांच्या गल्ल्या. बुटांचे ठसे गल्लीत शिरतात. एका घरातली माणसं या खोलीतून त्या खोलीत सरकतात, धान्य सुपात सरकतं तशी. शेवटी एकच आकृती उरते, ब्रशचा एक फटकारा तिच्यावरून जातो आणि काळ्या काचेवर थोडीशी पांढरी धूळ राहते. इतक्या कमी सामानात इतकं भय उभं केलेलं मी पाहिलं नव्हतं. महोत्सवानं आपल्या कॅटलॉगसाठी फोटो निवडला तोही याच प्रसंगातला.

"हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सहा जणांनी. वेगवेगळ्या पेठांतले. सगळे सत्तरीच्या पुढचे. का?"

"छापील कुठं आहे?"

"छापील काही सापडलं नाही. पण सहा जण, काका! तुम्ही छापलं असतं की नाही?"

"'असं म्हणतात' जोडून छापलं असतं."

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "रांगोळीत 'असं म्हणतात' कसं काढायचं, तेवढं दाखवा."

मी त्या सहा जणांना भेटायचं ठरवलं. प्रश्न एकच विचारायचा होता, तुम्हाला हे कुणी सांगितलं?

पाच जणांचं उत्तर फिरून एकाच जागी आलं. बऱ्याच वर्षांपूर्वी शहरातल्या एका व्याख्यानमालेत एका निवृत्त प्राध्यापकांनी ते सांगितलं होतं. दोघं स्वतः हजर होते, दोघांना हजर असलेल्यांनी सांगितलं, एकानं भिशीत ऐकलं होतं. पुण्यात एखादी गोष्ट व्याख्यानातून आली की तिला पुरावा लागत नाही. घरी जाईपर्यंत ती पूर्वजांची होते. सहावे गृहस्थ मात्र ठाम होते.

"व्याख्यानाचं मला सांगू नका. मला आमच्या आजोबांनी सांगितलंय."

"आजोबा गेले तेव्हा आपण किती वर्षांचे होता?"

"मी जन्मलो नव्हतो. पण म्हणून काय झालं? घरात बोललं जायचं."

प्राध्यापक हयात होते. त्यांनी चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, "मी 'असू शकेल' असं म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं. पण श्रोते 'असू शकेल' घरी नेत नाहीत हो. छत्री नेतात, गोष्ट नेतात."

सहाचा एक झाला होता, आणि तो एकही तर्क होता. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती काच पुसत होती. तिनं पुसणं थांबवलं नाही.

"म्हणजे खोटं आहे?"

"खोटं आहे, असं म्हणता येत नाही. खरं आहे, असंही म्हणता येत नाही."

"वा," ती म्हणाली. "याला पगार देत होते तुम्हाला?"

आम्ही बोलत होतो तेवढ्यात आपा वर आल्या. आपा म्हणजे याच इमारतीत खालच्या मजल्यावर ज्यांची पुस्तकबांधणी आहे, त्या घरातल्या. पुण्यात त्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या. त्या उर्दू शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे निवृत्तीनंतरही सगळ्यांच्या आपाच. फिल्ममधल्या चारही गाण्यांना आवाज त्यांचा. त्यांनी सुरुवातीलाच ती म्हणून दिली होती, चित्रं पाहिलेली नव्हती. आज सहज आल्या होत्या. मुलीनं त्यांना खुर्ची दिली आणि चौथा प्रसंग दाखवला, बहुधा मला ऐकवण्यासाठी, की बघा, लोकांना आवडतं.

आपांनी पूर्ण पाहिला. चष्मा काढून पुसला.

"फार सुंदर केलंस बेटा. अंगावर काटा आला. पण प्लेग कुठून आला यात?"

"का आपा?"

"हे गाणं मी केलंय."

मुलगी म्हणाली, "तुम्ही इतके दिवस सांगितलं नाहीत?"

"तू मला म्हणायला सांगितलंस, मी म्हटलं. कुठून आलं, ते तू सत्तरीच्या पुरुषांना विचारत फिरत होतीस."

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. पानशेतच्या पुरात त्यांचं नदीजवळचं घर गेलं. त्यांच्यासारख्या अनेक कुटुंबांना एका शाळेच्या वर्गांमध्ये जागा मिळाली होती. वर्गाच्या एका कोपऱ्यात साधारण एका वयाच्या पाच मुली, आणि त्यांच्या वाट्याला आलेली ताटं चार. एकीला थांबावं लागायचं. रोज भांडण व्हायचं, म्हणून एक गाणं केलं. ज्या मुलीवर 'वाट' हा शब्द येईल, तिनं दाराशी जाऊन उभं राहायचं आणि ताट रिकामं झालं की यायचं. पायऱ्या शाळेच्या, काठ्या वर्गातल्या चार म्हाताऱ्यांच्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या. पुढे कुटुंबं पांगली, मुली वेगवेगळ्या पेठांत आणि शाळांत गेल्या, गाणं बरोबर गेलं.

"मी शिकवायला लागले तेव्हा मैदानातून ऐकू यायचं," आपा म्हणाल्या. "एकदा एका मुलीला म्हटलं, हे मी केलंय हं. ती म्हणाली, आपा, हे फार जुनं आहे, तुमच्याही आधीचं. मी म्हटलं बरं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी जे म्हणणार होतो, ते आपांनीच म्हटलं.

"यांचा विश्वास नाही बसलेला. बरोबर आहे. मी एकटी सांगतेय."

"दुसरं कुणी आहे का, त्या वर्गातलं?"

"गिरणीवाल्यांची मधली मुलगी होती. आम्ही दोघी मिळूनच असायचो. पुरानंतर एकदाही भेटली नाही."

नदीकडच्या एका पेठेत ती पिठाची गिरणी अजून चालू आहे. गिरणीतल्या भाच्यानं डबा रिकामा करता करता सांगितलं, "आत्या धायरीला असते, मुलाकडे. फोन करून जा. न सांगता गेलात तर चहा मिळेल, पण ऐकून घ्यावं लागेल."

धायरीला मी आणि मुलगी तिच्या स्कूटरवरून गेलो. वाटेत मी तिला एकच गोष्ट सांगितली, गाण्याचं नाव काढायचं नाही, आपांचंही नाही. माणसाला उत्तर सुचवलं की तो ते देतो. ती म्हणाली, "काका, माझं सगळं यावर आहे आणि मी गप्प बसायचं?" आणि खरोखरच ती गप्प बसली. तिच्या वयात मला ते जमलं नसतं.

बाई बँकेतून निवृत्त झालेल्या होत्या. बाल्कनीतल्या झोपाळ्यावर बसून त्यांनी आम्हा दोघांना आधी नीट पाहून घेतलं.

"पुराबद्दल विचारायचंय म्हणे. पाणी किती आलं होतं, ते सगळे विचारतात. विचारा."

मी विचारलं, "शाळेत राहत होता, तेव्हा मुलं काय करायची?"

"काय करायची? उपाशी मुलं करतात तेच. भांडायची. आमच्या कोपऱ्यात चार ताटं आणि आम्ही पाच. शेवटी मी एक गाणं केलं." आणि त्यांनी ते म्हटलं, चारही ओळी, बोट एकदा माझ्याकडे, एकदा मुलीकडे करत. 'वाट' माझ्यावर आली. "उठा," त्या म्हणाल्या. "दाराशी जा."

मी उठलो नाही, पण मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी दुर्लक्ष केलं.

"तुम्ही एकटीनं केलं?"

"दोन ओळी दुसऱ्या एका मुलीच्या आहेत. बांधणीवाल्यांची होती. हुशार होती, पण मला फार शिकवायची."

"काठ्या कुठल्या?"

"काठ्या नव्हत्याच. बांबू होते. पुरुष आणि बायकांच्या मध्ये आडोसा हवा म्हणून सतरंजी टांगली होती, तिचे चार बांबू. 'बांबू' गाण्यात बसेना, म्हणून काठ्या."

थोडं थांबून, न विचारताच त्या म्हणाल्या, "आईनं मला बजावलं होतं, तुझं ताट वेगळं ठेव. मी म्हटलं, आई, वेगळं ठेवायला ताट आहे कुठं?"

जिना उतरताना मुलीनं विचारलं, "काठ्यांचं जुळत नाही. मग हे धरायचं की सोडायचं?"

मी सांगितलं की साक्षी शब्दाला शब्द जुळल्या असत्या, तर मी सोडायला सांगितलं असतं. इथं वर्ग जुळतो, चार ताटं जुळतात, पाच मुली जुळतात आणि गाणं आपणच केलं, असं दोघीही म्हणतात. माझ्या नोकरीत इतकी चांगली पुष्टी क्वचितच मिळाली.

दुसऱ्या दिवशी तिनं प्लेगचा प्रसंग फिल्ममधून काढला. मी तसं सुचवलं नव्हतं. तळाशी एक ओळ घालून तो ठेवता आला असता, असं मला वाटत होतं आणि मी ते बोललोही. ती म्हणाली, "चित्र इतकं मोठं आणि ओळ एवढीशी. लोक काय लक्षात ठेवतील?" त्या प्रसंगाला तिला एक पूर्ण हिवाळा लागला होता. तिनं रांगोळीची पिशवी उघडली, मलमल घेतली आणि पुराचं पाणी चाळायला सुरुवात केली.

आठवड्याभरात तिनं दोघींना खोलीत आणलं. धायरीच्या बाई प्रत्येक मजल्यावर थांबत, तिन्ही मजल्यांना नावं ठेवत वर आल्या. आपा दारात उभ्या होत्या. दोघी लहान मुली म्हणून वेगळ्या झाल्या होत्या आणि आता पंचाहत्तरीला टेकल्या होत्या.

"जाड झालीस," आपा म्हणाल्या.

"तू बारीकच होतीस. अजून कुणी जेवायला घालत नाही वाटतं."

मग दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. मुलीनं ध्वनिमुद्रण चालू केलं होतं, हे दोघींनाही माहीत होतं. तरी त्यांनी काठ्यांवरून भांडण सुरू केलं आणि ते बराच वेळ चाललं.

ते भांडण तिनं जसंच्या तसं प्रसंगाला लावलं. आपांचा आवाज 'काठ्या' म्हणतो तेव्हा भिंतीला टेकलेल्या चार काठ्या दिसतात. दुसरा आवाज मध्येच तोडतो, "बांबू होते गं," आणि त्याच काठ्या सरळ होतात, लांब होतात, त्यांच्यामध्ये एक सतरंजी उलगडत जाते. आपा म्हणतात, "छे!" सतरंजी पुन्हा विरघळते. कोण बरोबर, हे फिल्म सांगत नाही. दोन आठवणींमधून तेच दाणे इकडून तिकडे जाताना दिसतात. वाक्याला 'असं समजतं' जोडून मी आयुष्यभर जे भागवलं, ते इथं डोळ्यांसमोर घडत होतं. मी तिला तसं सांगितलं. तिनं "थँक्स काका" म्हटलं आणि मला उजेडातून बाजूला सरकायला सांगितलं.

प्रसंग अर्ध्यावर आला असताना एका सकाळी महोत्सवाचा फोन आला. दोघी बायका त्या दिवशी खोलीत होत्या, एक वाक्य पुन्हा म्हणायला आलेल्या. मुलीनं फोन स्पीकरवर टाकला, कारण हाताला रांगोळी होती.

आयोजक सभ्य होता. पक्की प्रत कधी येतेय, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, चौथा भाग बदललाय, प्लेग काढलाय, गाणं पुरातलं आहे आणि करणाऱ्या इथं माझ्यासमोर बसल्या आहेत.

"पण मॅडम, सिलेक्शन त्या भागावर झालंय. कॅटलॉग छापून झालाय."

"पाहिलाय मी."

"तुम्ही जुनीच प्रत पाठवा ना. 'लोकांमध्ये असा समज आहे' अशी एक पाटी टाका. कुणी विचारणार नाही."

"कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तर तो भाग झाला होता," ती म्हणाली.

तो म्हणाला की मग नाइलाज आहे, यंदा स्पर्धेतून नाव काढावं लागेल, नवी फिल्म म्हणून पुढच्या वेळी पाठवा, निवडीची खात्री देता येणार नाही. तिनं समजलं म्हटलं, आभार मानले आणि कोपरानं फोन बंद केला. चेहऱ्यावर स्कार्फ होता, त्यामुळे तिला काय वाटलं, ते मी सांगू शकत नाही. तिनं ब्रश उचलला, पण काचेला लावला नाही.

"गेलं का?" आपांनी विचारलं.

"गेलं."

"मग आता घाई नाही. काठ्या नीट काढ."

"बांबू," दुसऱ्या म्हणाल्या.

मुलगी हसली. स्कार्फ हलला आणि काचेच्या कडेची थोडी रांगोळी उडाली. तिनं ती बोटानं जागेवर आणली आणि फोटो घेतला.